पुढले दार कायद्याचे, मागले दार धन्याचे

आमच्या शेतकरी व कामकरी बंधुभगिनींनो, चाकण, वाळूज, सातपूर, बुटीबोरी यांपैकी कोणत्याही औद्योगिक वसाहतीच्या रस्त्याने एकवार चालत जा आणि कारखान्यांच्या व ठेकेदारांच्या दारांवर टांगलेले फळे वाचा. ‘हेल्पर पाहिजेत. वय १८ ते ३०.’ ‘ऑपरेटर पाहिजेत. वय ३५ च्या आत.’ उद्या त्याच फळ्यावर ‘अमक्या जातीचेच या’ असे कोणी लिहिले तर गावात गहजब होईल, आणि तो व्हावयासच पाहिजे. पण वयाची ही पाटी वर्षानुवर्षे टांगलेली आहे, तिच्याखालून माणसांची रीघ जाते येते, आणि कोणाच्या कपाळावर आठीसुद्धा पडत नाही. आम्ही विचारतो, एकतिसाव्या वर्षात पाऊल टाकणाऱ्या माणसाने असा कोणता गुन्हा केला, की त्याच्या हातचे कसब एका रात्रीत खोटे ठरावे?

जो दाराबाहेर राहिला त्याची ही गोष्ट झाली. जो आत आहे त्याची गत याहून वाईट. तो पंचविशीत असतो तेव्हा त्याला हाका मारून घेतात. रात्रपाळी त्याची, भट्टीजवळचे काम त्याचे, दिवाळीच्या दिवशी जादा पाळी त्याची. वीस वर्षे अशी गेली म्हणजे एके दिवशी त्याला आत बोलावणे येते. ‘मामा, तुम्ही आता थकलात. येथे सही करा आणि सुखाने गावी जा.’ मामा थकले हे खरे. पण कोणासाठी थकले, हे मात्र तेथे विचारावयाचे नाही! आणि गावी जाऊन मामांनी करावे काय? दीड एकर जिरायत तीन भावांत वाटली गेली, बापाचा माग मोडून जळणात गेला, म्हणून तर मामा कारखान्यात आले होते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. कायद्याने कामकऱ्याच्या वयाची खालची हद्द आखली, पण वरची हद्द धन्याच्या मर्जीवर सोडली. कारखान्याच्या पुढल्या दारावर कायदा पहारा करतो, आणि मागल्या दाराची किल्ली धन्याच्या कमरेला आहे.

ती खालची हद्दसुद्धा कोणी आपण होऊन आखली नाही. १८८१ साली पहिला कारखाना कायदा झाला, त्यात सात वर्षांखालच्या पोरास कामावर घेऊ नये एवढेच ठरले. म्हणजे सात वर्षांचे लेकरू नऊ तास राबले तरी ते कायदेशीर! १८९१ साली ही हद्द नऊ वर्षांवर गेली, १९२२ साली बारा, आणि १९४८ च्या कायद्याने चौदा. सातावरून चौदावर यावयास सदुसष्ट वर्षे लागली. दर खेपेस मालकांची ओरड एकच, की कारखाने बुडतील. कारखाने काही बुडाले नाहीत. पोरे तेवढी वाचली.

या लढ्यात आपल्याच माणसाने पहिली हाक दिली, हे आमच्या वाचकांनी विसरू नये. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८० पासून ‘दीनबंधु’ चालविले, आणि १८८४ च्या सप्टेंबरात मुंबईच्या गिरणी कामकऱ्यांची सभा भरवून साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारकडे धाडला. त्यात रविवारची सुट्टी होती, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती होती, पगार वेळेवर मिळण्याची मागणी होती. रविवारची सुट्टी १८९० च्या जूनमध्ये मालकांनी कबूल केली, ती आज आपली पोरेबाळे उपभोगतात. पण त्याच अर्जात आणखी एक मागणी होती. कामावर इजा झाली तर बरा होईपर्यंत कामकऱ्यास पुरा पगार मिळावा, आणि जन्माचा अधू झाला तर त्याच्या पोटाची सोय व्हावी. या मागणीच्या पोटात शिरून पाहावे. जो धनी माणसाच्या अंगाचा कस घेतो, त्याच्यावर त्या अंगाची जोखीम आहे, हे तत्त्व लोखंड्यांनी त्या काळी मांडले. पट्ट्यात सापडून हात एका क्षणात तुटतो, तसाच तो वीस वर्षांत तीळतीळ झिजतो. तुटलेल्या हाताची भरपाई कायद्याने मान्य केली; झिजलेल्या हाताला मात्र ‘तुमचे वय झाले’ एवढेच उत्तर मिळते.

आता कोणी कायदेपंडित म्हणतील, ‘असे कसे? कामगारास काढण्यावर कायद्याचे बंधन आहेच.’ होय, आहे. १९५३ साली औद्योगिक कलह कायद्यात एक चांगले कलम घातले गेले, आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ते ठेवलेले आहे. कामगारकपात करावयाची झाली तर त्या वर्गातला जो शेवटी आला तो आधी जाईल, असे ते कलम सांगते. म्हणजे जुन्या माणसास आधी हात लावावयाचा नाही. शिवाय वर्ष भरलेल्या कामगारास एक महिन्याची नोटीस किंवा तितका पगार, नोकरीच्या दर पुऱ्या वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, आणि वर्षाच्या आत पुन्हा भरती निघाली तर काढलेल्यास पहिली हाक. संहितेने धन्याकडून आणखी पंधरा दिवसांचा पगार नवे कसब शिकण्यासाठी म्हणून देवविला आहे. कागदावर सर्व काही झकास!

पण कपात कशास म्हणावयाचे, याची व्याख्या त्याच कायद्यात पाहा. स्वेच्छेने निवृत्ती घेतली तर ती कपात नव्हे. कराराची मुदत संपली आणि तो पुन्हा केला नाही तर ती कपात नव्हे; ही पळवाट १९८४ साली घातली. ठराविक मुदतीची नोकरी पुरी झाली तर तीही कपात नव्हे. हे नव्या संहितेत आले. मग कोणता धनी वेडा आहे, की सरळ कपात करील आणि जुन्याला ठेवून नव्याला काढील? तो जुन्या माणसास स्वेच्छा शिकवितो! त्याची बदली दूरच्या राज्यातल्या कारखान्यात करतो, ज्या यंत्रावर त्याची हयात गेली ते काढून घेऊन त्याला आवार झाडावयास लावतो, रोज चारचौघांत टाकून बोलतो. दोन महिन्यांत मामांची स्वेच्छा पिकते, आणि मामा सही करतात. वीस वर्षांच्या नोकरीवर कपातीचा हिशेब तीनशे दिवसांच्या पगाराचा होतो; तो त्या एका सहीत बुडाला. जबरीचा राजीनामा हा राजीनामाच नव्हे, असे न्यायालयात म्हणता येते. पण जबरी झाली हे शाबीत करण्याचे ओझे कोणाच्या डोक्यावर? ज्याचा चुलीवरचा तवा थंड पडला त्याच्याच!

याहून सोपी वाट ठेकेदाराची. ठेक्याच्या माणसास काढावेच लागत नाही. दुसऱ्या दिवशी दारावर त्याचे कार्ड चालत नाही, एवढेच. ठेका मजुरांचा १९७० चा कायदा वीस मजुरांपासून लागू होई. नव्या संहितेत तो आकडा पन्नास झाला. मोठ्या कारखान्यास कपातीपूर्वी सरकारची परवानगी घ्यावी लागते, तिचा आकडा १९७६ साली तीनशे कामगार होता, पुढच्या दुरुस्तीने तो शंभरावर आणला, आणि २०२० च्या संहितेने पुन्हा तीनशेवर नेऊन ठेवला. कामगारांनी एक पायरी चढावी आणि सरकारने शिडीच उचलून न्यावी, असा हा प्रकार आहे. या चारही संहिता २०२५ च्या २१ नोव्हेंबरास अमलात आल्या.

चाळिशी म्हणजे काय, हे सरकारास ठाऊक नाही असे मात्र कोणी समजू नये. या संहिता अमलात आणताना सरकारने मोठ्या अभिमानाने सांगितले, की चाळीस वर्षांवरील कामगाराची दर वर्षी फुकट वैद्यकीय तपासणी होईल. तपासणी अवश्य व्हावी. पण तपासणी धन्याने करवावयाची, कागद धन्याच्या कपाटात राहावयाचा, आणि ‘साखर वाढली, नजर उतरली’ म्हणून काढून टाकण्यास वयाच्या कायद्याची आडकाठी नाही! मग ही तपासणी कामगाराच्या जिवासाठी होणार, की बाजारात बैलाचे दात मोजतात तशी होणार?

आणखी एक चाळिशी पाहा. शेतमजूर, बांधकामावरचा मजूर, फेरीवाला, घरकाम करणारी बाई यांच्यासाठी २०१९ साली श्रमयोगी मानधन नावाची पेन्शन योजना काढली. साठीनंतर महिना तीन हजार. पण तिच्यात नाव घालावयाचे वय अठरा ते चाळीस! २०१५ च्या अटल पेन्शनीचेही तसेच. म्हणजे ज्या वयात धनी दार लावतो, त्याच वयात सरकारी पेन्शनीचेही दार लागते. आमचे ऊसतोडीचे लोक तर कोठल्याच दारात उभे नाहीत. मुकादम उचल देतो ती कोयत्यामागे, म्हणजे नवराबायकोच्या जोडीमागे. जोडीतल्या एकाची कंबर धरली की कोयता मोडला. त्या माणसाचा धनी कोण? कारखाना म्हणतो मुकादम, मुकादम म्हणतो कारखाना. नेमणुकीचा कागदच नाही, तर काढल्याचा कागद कोठून येणार?

कारखान्यातून पन्नाशीत बाहेर पडलेल्याची अवस्था काय होते तेही पाहा. भविष्यनिधीची पुरी पेन्शन अठ्ठावन्नाव्या वर्षी. दहा वर्षे नोकरी भरली असेल तर पन्नाशीनंतर ती आधी घेता येते, पण अलीकडे येणाऱ्या दर वर्षामागे चार टक्के कापून. आणि मुळात ती पेन्शन केवढी? २०१४ साली किमान हजार रुपये ठरले! आईबापांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा आहे, आणि त्यात न्यायाधिकरण मुलास सांगते की बापास पोस. मुलाने पोसावे हे आम्हांस कबूल. पण बापाच्या अंगाचा कस ज्याने खाल्ला त्या धन्यास कोणी विचारावयाचे नाही, आणि ज्या पोराला अजून नोकरी नाही त्याला नोटीस धाडावयाची, हा कोठला न्याय? नांगराचा फाळ झिजला तर आम्ही तो लोहाराकडे नेऊन नीट करून घेतो. कारखान्यात झिजलेले माणूस मात्र आमच्याच दारात आणून टाकतात.

बायांच्या वाट्याला हा अन्याय दुप्पट येतो. एअर इंडियात हवाई सेविकेस पस्तिसाव्या वर्षी, किंवा नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केले तर, किंवा पहिल्या गरोदरपणी घरी बसवीत. त्याच विमानात काम करणारा पुरुष अठ्ठावन्नपर्यंत राही. बायांनी दावा लावला आणि १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाची अट रद्द केली. पस्तिशीनंतर ठेवावयाचे की नाही, ही वरिष्ठाची मर्जीही रद्द केली. पण पुरुष आणि बाई यांच्या वयात एवढे अंतर का, हा मूळ प्रश्न तसाच ठेवला. आकाशात उडणाऱ्या बाईची ही कथा, तर शिवणकामाच्या कारखान्यातल्या आमच्या बहिणीस कोण विचारतो?

येथे मालकांचे वकील तीन गोष्टी सांगतात. पहिली, की खाजगी धंद्यात कायद्याने हात घालू नये. आमच्या घटनेच्या सोळाव्या कलमात सरकारी नोकरीपुरती धर्म, वंश, जात, लिंग, कुळ, जन्मस्थान, निवास एवढी नावे आहेत. वय नाही, हे खरे. पण २०१६ सालच्या अपंगांच्या कायद्याने, २०१७ च्या एचआयव्हीबाधितांच्या कायद्याने आणि २०१९ च्या तृतीयपंथीयांच्या कायद्याने खाजगी धन्यासही बांधले आहे. वेतन संहिता स्त्रीपुरुषांत भेद करू देत नाही. एवढ्या जागी हात घातला आणि आभाळ कोसळले नाही, तर वयाच्या जागीच ते कसे कोसळेल?

दुसरी गोष्ट, की असा कायदा कोठे चालत नाही. हे धादांत खोटे आहे. अमेरिका हे तर धनिकांचे माहेरघर! तेथे १९६७ सालीच चाळीस वर्षांवरील नोकरास वयामुळे नाकारणे व काढणे बेकायदेशीर केले. युरोपच्या संघाने २००० साली तसा दंडक घातला, इंग्लंडने २०१० च्या समतेच्या कायद्यात वय घातले. आमच्या कारखान्यांचे कित्येक मालक त्याच देशांतले आहेत. आपल्या देशात जी पाटी लावण्याची छाती नाही, ती येथे आमच्या दारावर लावतात, आणि आमचे पुढारी त्यांच्या स्वागतास हार घेऊन उभे!

तिसरी गोष्ट सर्वांत विषारी आहे, कारण ती आमच्याच घरात भांडण लावते. ते म्हणतात, ‘म्हातारे हटले नाहीत तर तरुणांना काम कोठून मिळणार?’ तरुण बंधूंनो, नीट ऐका. बापाच्या जागी तुम्हांस घेतात ते बापाच्या पगारावर घेतात काय? बाप कायम होता, तुम्ही ठेक्यावर. बापास बोनस होता, तुम्हांस अकरा महिन्यांचा कागद. धन्याने म्हाताऱ्याची जागा तरुणास दिली नाही. त्याने महाग माणसाची जागा स्वस्त माणसास दिली. आणि तुमचा पगार वाढू लागेल त्या दिवशी तुम्हीही म्हातारे व्हाल, मग तुमचे वय अडतीस का असेना! ज्या दाराने बाप बाहेर गेला ते दार तुमच्यासाठीही उघडेच ठेवलेले आहे. बापलेकांनी एकमेकांचा घास मोजीत बसावे आणि तिसऱ्याने परात पळवावी, हा जुनाच डाव आहे.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. पहिले, भरतीच्या पाटीवर व जाहिरातीत वयाची वरची हद्द घालणे गुन्हा ठरवावे. कामाला खरोखर अंगबळाची परीक्षा लागत असेल तर ती परीक्षा घ्यावी, जन्मसाल विचारू नये. दुसरे, चाळिशीवरच्या कामगाराचा राजीनामा किंवा स्वेच्छानिवृत्ती कामगार अधिकाऱ्यासमोर, त्याला समजावून सांगितल्यावाचून आणि विचारास मुदत दिल्यावाचून ग्राह्य धरू नये. जबरी नव्हती हे धन्याने शाबीत करावे. तिसरे, मुदतीचा करार वयाकडे पाहून तोडला तर ती कपातच समजावी. चौथे, वैद्यकीय तपासणीचा कागद प्रथम कामगाराच्या हाती यावा, आणि त्यावरून नोकरी न काढता हलके काम द्यावे. पाचवे, कष्टकऱ्यांच्या पेन्शनीवरची चाळिशीची अट उडवावी. जो आमदार मते मागावयास येईल त्याला हे पाच प्रश्न पारावर बसवून विचारा.

पण कायदा होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या हातात आहे ते तरी सोडू नका. नव्या संहितेने नेमणुकीचे पत्र सर्वांस देणे बंधनकारक केले आहे, ते मागून घ्या. पगाराच्या पावत्या व भविष्यनिधीचा क्रमांक घरच्या पेटीत ठेवा, कारखान्याच्या कपाटात नको. दाखल्यावरची जन्मतारीख आजच पाहा. आमच्या गावोगावच्या शाळांत मास्तरांनी निम्म्या पोरांचा जन्म १ जूनला लावून दिलेला आहे! तीत वर्षाची चूक असेल तर नोकरीच्या आरंभी दुरुस्त करा. नोकरी संपत आल्यावर न्यायालये ती तक्रार सहसा ऐकत नाहीत. कोऱ्या कागदावर आणि न वाचलेल्या कागदावर सही म्हणून करू नका. सही केली नाही तर ग्रॅच्युइटी बुडेल, असा दम देतील. तो खोटा आहे. पाच वर्षे भरलेल्या कायम कामगाराची ग्रॅच्युइटी राजीनामा दिला तरी मिळते, मुदतीच्या कामगारास आता एका वर्षानंतर मिळते, आणि ती धन्याची मेहेरबानी नव्हे. कपात म्हणाले तर ज्येष्ठतेची यादी दाखवा म्हणावे. काढलेच तर रडत गावी न बसता दोन वर्षांच्या आत कामगार अधिकाऱ्याकडे तक्रार गुदरावी. मुदत टळली की खरी बाजूही पडते.

आणि हे एकट्याने होत नाही. साडेपाच हजार सह्यांपैकी एकेक सही एकटी गेली असती तर रद्दीत पडली असती. कारखान्यात संघ असेल तर त्यात चाळिशीचा मामा आणि विशीचा भाचा दोघांनीही बसावे; नसेल तर उभा करावा. ज्या समाजाने सात वर्षांच्या लेकरास यंत्राखालून ओढून काढले, त्याला सत्तेचाळीस वर्षांच्या बापास दाराबाहेर जाण्यापासून अडविता येणार नाही काय? मागल्या दाराची किल्ली धन्याच्या कमरेला आहे. ती आपण होऊन तो देणार नाही. मागून घ्यावी लागेल.